खारूताईच्या घरासाठी एक बटाटा

खारींशी माझं वैर चाळीस वर्षांचं आहे. परसातल्या पिकॅनच्या, म्हणजे अक्रोडाच्या जातीतल्या, झाडाला दाणे धरले की मी खाली टोपली घेऊन उभा राहतो, त्या वर फांदीवर बसतात, आणि हा सामना मी दर वर्षी हरतो. त्यामुळे माझ्या विहीणबाईंच्या कोटावर, पर्सवर, मोटारीच्या मागच्या काचेवर आणि नाताळच्या शुभेच्छापत्रावरही खारच असावी, हा निव्वळ योगायोग आहे असं माझी बायको नदीन म्हणते. मला तसं वाटत नाही.

विहीणबाईंचं नाव डेल्फीन रॅव्हनल. पन्नास वर्षांपूर्वी त्या आमच्या अलाबामा राज्याच्या मोठ्या विद्यापीठात शिकत होत्या आणि तिथल्या एका सोरॉरिटीच्या, म्हणजे मुलींच्या भगिनीमंडळाच्या, सभासद होत्या. 'होत्या' म्हटलेलं त्यांना चालत नाही. मंडळात बाई एकदा शिरली की ती कायमची आत, मेल्यावरसुद्धा. आमच्या वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत नवऱ्याच्या नावाआधी सोरॉरिटीचं नाव छापलेलं मी स्वतः पाहिलंय. ह्या मंडळांना ग्रीक अक्षरांची नावं असतात. मी तेहतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं आणि एकाच लिपीतली अक्षरं गिरवून घेता घेता माझा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा दुसरी लिपी शिकायला सवड झाली नाही. मी त्या मंडळांना त्यांच्या घरांवरून ओळखतो. विद्यापीठात प्रत्येक मंडळाचं एक मोठं घर असतं, मुली तिथेच राहतात, जेवतात आणि पुढे एकमेकींच्या लग्नात एकाच रंगाचे झगे घालून ओळीत उभ्या राहतात. अशी सात घरं. एक पिवळं आहे, एक निळं, एक खांबांचं, आणि एक विहीणबाईंचं, खार हे चिन्ह असलेलं, खारूताईचं.

मी हेवा करणारा माणूस नाही. आठ वर्षांच्या मुलाला भागाकार कळेपर्यंत शांतपणे थांबायची ज्याला सवय आहे, त्याच्या मनात हेवा राहायचा कुठे? पण वस्तुस्थिती सांगायला हरकत नसावी. एमलिन ही आमची एकुलती एक नात, आणि दुर्दैवाने त्यांचीही. आजी म्हणवून घेणं विहीणबाईंना चारचौघांत वय सांगितल्यासारखं वाटतं, म्हणून एमलिन त्यांना गिगी म्हणते. समुद्रावरची सुट्टी गिगीची, पहिली कानातली गिगीची, नाचाचा क्लास आणि त्याचे पांढरे हातमोजे गिगीचे. माझ्या वाट्याला गुरुवार होता. पोरगी पाच वर्षांची असल्यापासून दर गुरुवारी साडेतीनला माझ्या व्हरांड्यात येई. गोड गार चहा, शेंगदाण्याचं लोणी लावलेली बिस्किटं आणि माझा जुना नकाशांचा ग्रंथ. ती डोळे मिटून पान उघडायची, बोट ठेवायची आणि मग त्या देशात आपण दोघं राहायला गेलो तर काय काय करू, ह्यावर तासभर चर्चा चालायची. अशी तेरा वर्षं. ह्या गुरुवारांबद्दल मी कुणापुढे कधी फुशारकी मारली नाही. फक्त रविवारी चर्चमध्ये विहीणबाई भेटल्या की, गुरुवारी आम्ही मंगोलियात होतो, एवढं सांगत असे.

गेल्या मे महिन्यात एमलिनला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला, आणि विहीणबाईंनी रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं. तळलेली कोंबडी ताटात पडताच त्यांनी जाहीर केलं की ऑगस्टमधल्या निवडीच्या आठवड्याची चिंता कुणी करू नये. एमलिन आमच्या घरचीच नात, तिला ते नाही म्हणणारच नाहीत. 'आमच्या' ह्या शब्दावर त्यांनी रुमालाने ओठ टिपले. मग पुढची चार वर्षं कशी जातील त्याचं वर्णन झालं. फुटबॉलच्या शनिवारी माजी सभासदांचं जेवण, वसंतात आजी-नातीची न्याहारी, आणि त्या न्याहारीला प्रत्येक आजीला खारीचं चित्र असलेला कप.

"आणि आजोबांसाठी काय आहे?" मी विचारलं. सहज.

"आजोबांसाठी गाडी लावायला जागा फार छान आहे," विहीणबाई म्हणाल्या. "सावली आहे तिथे."

नदीनने टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. प्रेमाने नव्हे, मी उठू नये म्हणून. एवढ्यात एमलिन म्हणाली, "सोरॉरिटीत जायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाहीये." सगळ्यांनी, हो हो, ठरव ना बाळा, असं म्हटलं आणि चवळीच्या शेंगांचं भांडं पुढे सरकवलं. त्या दिवशी टेबलावर बोललेलं प्रत्येक वाक्य मी आजही म्हणून दाखवीन. तेवढं एक वाक्य मात्र तिथे कुणीही ऐकलं नाही, आणि त्यात मी होतो.

मला रात्रभर सावलीतली गाडी दिसत राहिली.

सकाळी कुंपणापलीकडून शेजारीण व्हर्बीना हकबीने विचारलं, चेहरा असा का? मी म्हटलं, सहज विचारतो, खारूताईच्या घराला पर्याय असतात का? व्हर्बीनाच्या तीन नाती ह्या मार्गाने गेलेल्या आहेत. ती आत गेली आणि विटेएवढी जाड फाईल घेऊन आली. रंगीत खुणांनी विभाग पाडलेले होते. तिने मला कुंपणाशीच उभं करून शिकवणी घेतली. प्रत्येक घराला त्या घराच्या एका माजी सभासद बाईचं शिफारसपत्र लागतं. पत्र नसेल तर मुलगी कितीही गुणी असो, पहिल्याच दिवशी यादीतून नाव खाली. पत्र लिहिणाऱ्या बाईला मुलीची माहिती, तीन फोटो, गुणपत्रिका, तिकीट लावलेला लिफाफा आणि घरी केलेला एखादा गोड पदार्थ द्यायचा. तीन फोटोंपैकी एकात मुलगी हसत असावी, एकात विचार करत असावी आणि एकात कुत्रा असावा.

"आमच्याकडे कुत्रा नाही," मी म्हटलं.

"माझा ने," व्हर्बीना म्हणाली. "तिघींच्या फोटोत तोच आहे."

माझी योजना साधी होती. खारूताईचं घर सोडून सहा घरं उरत होती, तेव्हा सहा पत्रं मिळवायची. मुलीपुढे निवड असावी, एवढाच हेतू. निवडीत खार मागे पडली तर तो निसर्गनियम. आणि मला कुणाची ओळख काढायची गरजच नव्हती. आमच्या गावातल्या पंचेचाळिशीच्या पुढच्या निम्म्या बायका माझ्या हाताखालून गेलेल्या आहेत. माझ्या दृष्टीने त्या अजून आठ वर्षांच्याच आहेत. घोळ तिथेच झाला, कारण त्यांच्याही दृष्टीने त्या माझ्यासमोर आठच वर्षांच्या होत्या.

बँकेची मॅनेजर रोझलिन, पिवळं घर. मी आत गेल्याबरोबर तिने तोंडातलं च्युइंगम गिळलं. मग पाच मिनिटं तिने मला आठवण करून दिली की एकदा असंच च्युइंगम मी तिला नाकाच्या शेंड्याला लावून जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभं केलं होतं. पत्र लिहिते म्हणाली, पण किती ओळींचं, समास सोडायचा का, आणि पेन्सिलीने चालेल का, असं विचारून तिने मला लाजवलं. वाचनालयातली मर्टिस, निळं घर, तिने तर मी दारात दिसताच उठून टेबल आवरलं. खांबांच्या घराची ओपल गावातलं अंत्यविधीगृह चालवते. ती हळू आवाजात म्हणाली, "मिस्टर टॅकेट, तुम्ही इतक्या लवकर याल असं वाटलं नव्हतं." मी कशासाठी आलोय हे कळल्यावर तिचा चेहरा जरा उतरला, असं मला उगाच वाटलं असेल.

ओपलच्या बाबतीत वेगळीच अडचण निघाली. पत्राची आधी संगणकावर नोंद करायची, आणि संगणक तिचा सभासद क्रमांक मागत होता. तो क्रमांक मंडळाच्या पिनेच्या मागे कोरलेला असतो. ओपलची पिन तिच्या बहिणीने एका समारंभाला उसनी नेली होती, बहीण मार्चमध्ये वारली, आणि ओपलने स्वतःच्या हातांनी, अत्यंत चोखपणे, तिला पिनेसकट निरोप दिला होता. मी मंडळाच्या मुख्य कचेरीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. तिने माझा क्रमांक विचारला. मी म्हटलं, मी सभासद नाही, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा पुरुष आहे, मला ओपलचा क्रमांक हवाय. ती म्हणाली, जरूर, ओपलचा क्रमांक सांगा, म्हणजे तिची नोंद काढून तिचा क्रमांक देते. ह्या मुद्द्यावर आम्ही चाळीस मिनिटं बोललो. तिसरीत ती माझ्याकडे असती तर ही वेळ आली नसती.

अखेर ओपललाच एका जुन्या पावतीवर तो क्रमांक सापडला, आणि तीन आठवड्यांत सहा पत्रं जमली. नियमाने ती बायकांनी परस्पर पाठवायची असतात. मी म्हटलं, पाठवण्याआधी मला दाखवा, नजर फिरवतो. आता तेहतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. रोझलिनच्या पहिल्याच परिच्छेदात तीन चुका होत्या. माझा हात आपोआप खिशाकडे गेला आणि लाल पेन्सिल बाहेर आली. समासात मी 'विचार चांगला, मांडणी घाईची' असं लिहिलं. मर्टिसला 'अक्षर सुधारलं आहे' असा शेरा दिला. ओपलचं पत्र खरोखर सुरेख होतं, जरा शोकसभेच्या अंगाने जाणारं, पण सुरेख. त्यावर मी सोनेरी चांदणी चिकटवली. चांदण्यांची पाकिटं माझ्या खणात असतातच. मग एकीला चांदणी दिली आणि दुसरीला नाही हे बरं दिसेना, म्हणून सगळ्यांना दिली.

एका गुरुवारी एमलिनने हे ढीग पाहिले. त्या दिवशी आम्ही पोर्तुगालमध्ये असायला हवं होतं, पण ग्रंथावर फाईल पडलेली होती.

"पॉप, तू एवढी धावपळ कशाला करतोयस?"

"तुला निवड करता यावी म्हणून."

"निवड मला आहेच की. जायचं किंवा नाही जायचं."

मी तिला कुत्र्याबरोबरचा फोटो काढायला परसात पाठवलं.

मग व्हर्बीनाने कुंपणावरून शेवटची गोष्ट सांगितली, आणि ती तिने पहिल्या दिवशी का सांगितली नाही हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्या तालुक्यातून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर, मग ते कुठल्याही घराचं असो, माजी सभासदांच्या स्थानिक संघाच्या अध्यक्षांची सही लागते. अध्यक्षपदी गेली अठरा वर्षं एकच बाई बिनविरोध निवडून येत होत्या.

विहीणबाईंच्या दिवाणखान्यात मी फाईल मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा मला मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसल्यासारखं वाटत होतं. त्यांनी चष्मा लावला आणि सहाही पत्रं सावकाश वाचली. लाल शेरे वाचले. चांदण्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो, वेंडेल."

आमच्या अलाबामात एखादी बाई एखाद्याला असं म्हणते, तेव्हा देवाचा त्यात काहीही संबंध नसतो. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण त्यांनी पेन उघडलं आणि सहाही पत्रांवर सही केली. एकदाही अडवलं नाही. शत्रू इतक्या सभ्यपणे वागला की माणसाची फार पंचाईत होते.

मी उठलो, तशा त्या म्हणाल्या, "जरा बसा." ह्या वर्षी नियम बदलला होता. नातेवाइकाचं पत्र आता धरत नाहीत. म्हणजे खारूताईच्या घरासाठी विहीणबाईंचं पत्र चालणार नव्हतं. दुसरी सभासद हवी, आणि तालुक्यात खारूताईची दुसरी सभासद एकच होती, दातांची डॉक्टर लव्हिनिया स्ट्राउड. लव्हिनिया आणि विहीणबाई गेली सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बागप्रेमी मंडळाच्या स्पर्धेत कुणाची अझेलियाची झुडपं कुणी सुकवली, असं काहीतरी प्रकरण होतं. तरीही विहीणबाई मान खाली घालून तिच्याकडे गेल्या होत्या. लव्हिनिया म्हणाली होती, तुमच्यासाठी लिहिणार नाही. मिस्टर टॅकेट स्वतः येऊन मागतील तर विचार करीन. त्यांच्याशी माझं जुनं काम राहिलंय.

मला आतून आनंदाची जी उकळी फुटली ती मी खोकल्यात लपवली. म्हणजे मी काहीच केलं नाही तरी पुरे होतं. खारूताईचं घर आपसूक बंद.

विहीणबाईंना ते दिसलं. त्या कोटावरची खारीची पिन उगाच सरळ करत राहिल्या. "तुम्हाला तेरा वर्षं गुरुवार मिळाला," त्या म्हणाल्या. "दर रविवारी तुम्ही मला येऊन सांगायचात, मंगोलिया, पेरू, काय काय. तो नाचाचा क्लास तिला मुळीच आवडत नव्हता, वेंडेल. ती गाडीत बसून फक्त गुरुवारबद्दल बोलायची. मला तिच्याशी बोलायला हे एक खारूताईचं घर तेवढं आहे."

मी टोपी घेतली आणि निघालो. रस्ताभर मी स्वतःला समजावलं की हे भावनेचं राजकारण आहे.

पुढचे बारा दिवस मी काहीच केलं नाही, आणि फार कष्टाने केलं नाही. पत्राची मुदत जुलैअखेरची होती. मी पिकॅनला पाणी घातलं, खारींवर नजर ठेवली, फाईल लावून ठेवली. एका सकाळी चहा ओतताना नदीन म्हणाली, "तू वर्गात डबा लपवणाऱ्या पोरांना काय सांगायचास, आठवतंय का?" मी म्हटलं, आठवत नाही. आठवत होतं. दुसऱ्याचा डबा लपवून आपलं पोट भरत नाही. त्याच दुपारी गेल्या वर्षीचा पिकॅनचा दाणा फोडताना माझी दाढ फुटली. गावात दातांची डॉक्टर एकच.

लव्हिनियाने मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात दोन नळ्या आणि कापूस कोंबला आणि मग स्टूल ओढून निवांत बसली. ती पन्नाशीची आहे, पण कपाळावर तीच आठी, जी तिसरीत असायची.

"बेचाळीस वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "तुम्ही भाज्यांचं नाटक बसवलं होतं."

मी घशातून आवाज काढला.

"मी मक्याच्या राणीचं काम मागितलं होतं. सगळे संवाद पाठ केले होते. आईने पिवळा झगाही शिवला होता. तुम्ही मला बटाटा केलंत."

मला ते नाटक आठवत होतं. बटाट्याला संवाद नव्हते. एका मुलाला तरी नुसतं बसवून ठेवणं भाग होतं, आणि लव्हिनिया शांत बसत असे, म्हणून मी तिला निवडलं होतं. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. सबंध नाटकभर ती पोत्यात बसून मक्याच्या राणीकडे बघत होती, आणि मला वाटत होतं की ती एकाग्र झाली आहे. हेवा कसा दिसतो हे त्या वेळी मला ओळखता येत नव्हतं.

ती काय मागते ते तिने दाढ भरता भरता सांगितलं. मला नकार देता येत नव्हता, कारण नकारासाठी जीभ लागते. चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत शाळेचा चित्ररथ असतो. ह्या वर्षी विषय होता शेतीमाल. लव्हिनिया त्या रथावर मक्याची राणी होणार होती, आणि बटाटा कोण होणार ते ठरायचं होतं. बटाटा होईल त्याच्या नातीला पत्र मिळेल.

घरी येताना निम्मा चेहरा बधिर होता. उरलेल्या निम्म्याने मी विचार केला. कुणालाही काही कळलं नसतं. नुसतं दुखतंय म्हणून घरी बसलो असतो तरी खारूताईचं घर गेलं असतं, आणि त्याच्याबरोबर विहीणबाईंचे शनिवार, न्याहारी, कप, सगळं. पण सारखा तो पिवळा झगा डोळ्यांसमोर येत होता. आणि खरं सांगायचं तर विहीणबाई गाडीत बसून आमच्या मंगोलियाबद्दल ऐकताहेत, हेही.

चार जुलैला सकाळी दहा वाजता मी तागाच्या पोत्यात होतो. पोत्याला नदीनने हातांसाठी भोकं पाडली होती आणि व्हर्बीनाने काळ्या रंगाने बटाट्याचे डोळे काढले होते, गरजेपेक्षा जास्त. ऊन असं की अंगाला खाज आणि घाम ह्यांत फरक कळेना. वर सिंहासनावर लव्हिनिया, पिवळ्या झग्यात, हात हलवत. तिच्या पायाशी मी. रथ ट्रॅक्टरने ओढत होते. दोन्ही फुटपाथांवर गाव उभं होतं, आणि त्यातल्या दर तिसऱ्या माणसाला मी कधी ना कधी कोपऱ्यात उभं केलेलं होतं. चाळिशीचा एक मुच्छड माणूस, पोराला खांद्यावर घेऊन, शांतपणे म्हणाला, "मिस्टर टॅकेट, सरळ बसा." लोक बराच वेळ हसत होते. मी सरळ बसलो.

बरोबर विहीणबाईंच्या घरासमोर पुढच्या बँडमधला ट्यूबा वाजवणारा मुलगा उन्हाने चक्कर येऊन खाली बसला, आणि मिरवणूक वीस मिनिटं थांबली. विहीणबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी एमलिन. विहीणबाई हसल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या हसल्या नाहीत. त्या पायऱ्या उतरून आल्या, हातातल्या गार चहाचा पेला माझ्या पोत्याच्या भोकातून आत दिला आणि वर न बघता म्हणाल्या, "लव्हिनिया, झगा छान आहे." सहा वर्षांत पहिल्यांदा. लव्हिनियाने मान किंचित हलवली, राणीसारखी. एमलिन मात्र रथाला धरून माझ्याकडे बघत राहिली. "पॉप," ती म्हणाली, "हे खारूताईसाठी?" मी म्हटलं, "बटाटा बोलत नसतो."

लव्हिनियाचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. दोन पानी. मी लाल पेन्सिल काढली आणि परत ठेवली. चांदणी मात्र दिली. सगळ्यांत मोठी.

ऑगस्टमध्ये एमलिन गेली. तिला वसतिगृहात यामिला नावाची मुलगी खोलीत सोबतीण मिळाली, एवढं कळलं आणि मग निवडीचा आठवडा सुरू झाला. त्यात मुली रोज घराघरांतून फिरतात, गप्पा मारतात, आणि रोज थोडी थोडी घरं गळत जातात. शेवटच्या दिवशी मुलीने उरलेल्या घरांतून आपली पसंती लिहून द्यायची. व्हर्बीना कुठून कुठून बातम्या आणत होती. चांदण्यांच्या पत्रांची मुलगी म्हणून एमलिन सगळ्या घरांत माहीत झाली होती म्हणे. तिसऱ्या दिवशीही तिचं एकही घर गळलं नव्हतं. शेवटच्या दिवशी दोन उरली, पिवळं आणि खारूताईचं.

तो गुरुवार होता. एमलिनने कळवलं होतं की साडेतीनला पॉपला फोन करते. सव्वातीनला विहीणबाईंची गाडी माझ्या दारात थांबली. फोन तुम्हाला का, असं त्या बोलल्या नाहीत, पण पर्स टेबलावर ठेवली ती जरा आपटूनच. नदीनने चहा आणला. फोन वाजला. मी तो दोघांच्या मध्ये ठेवला आणि आवाज मोठा केला.

"पॉप, मी कुठेच नाव दिलं नाही," एमलिन म्हणाली.

फांदीवरून एक दाणा पडला.

"मुली चांगल्या होत्या. खारूताईच्या तर खूपच. गिगी तिथे आहे ना? गिगी, खरंच चांगल्या होत्या. पण प्रत्येक घरात मी तुमच्याबद्दलच बोलत होते. चांदण्यांबद्दल, बटाट्याबद्दल, खारीच्या पिनेबद्दल. सगळ्या खूप हसायच्या. काल रात्री लक्षात आलं, पाच दिवसांत मी स्वतःबद्दल एक वाक्य बोलले नाही. मला काही सांगताच आलं नसतं. तर म्हटलं, आधी सांगण्यासारखं काहीतरी होऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

मी तेहतीस वर्षं मुलांना सांगत आलो की उत्तर दुसऱ्याच्या वहीतून घ्यायचं नाही. माझा ऊर भरून आला होता. विहीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला होता, पण पाठ ताठ होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आता आमच्यात काही उरलं नाही. खारूताई नाही, सावलीतली गाडी नाही. दोघंही सारखेच रिकामे, सारखेच समाधानी. मी चहाचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"आणि माझी काळजी करू नका," एमलिन पुढे म्हणाली. "यामिलाचे आजोबा इथून अर्ध्या तासावर राहतात. डॉन अनिबाल. त्यांच्यात आदराने डॉन म्हणतात. क्यूबाचे आहेत. त्यांची रोपवाटिका आहे. ते आम्हाला जेवायला बोलावतात, काळे घेवडे आणि भात, आणि डॉमिनोज, तो ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ, शिकवतात. इतके गोड आहेत, पॉप. मी कितीही चुकले तरी सुधारत नाहीत, नुसते हसतात. आता आम्ही निघालोच आहोत. दर गुरुवारी जायचं ठरलंय."

फोन बंद झाला.

समोर एक खार उतरली, टोपलीतला दाणा उचलून घेऊन गेली. मी हाकलली नाही.

"गुरुवारी," विहीणबाई म्हणाल्या.

"गुरुवारी," मी म्हटलं.

"सुधारत नाहीत म्हणे."

"त्याला काय शिकवणं म्हणतात?"

विहीणबाईंनी नकाशांचा ग्रंथ पुढे ओढला. कॅरिबियन समुद्राचं पान त्यांना सापडेना, ते मी काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून क्यूबाकडे असं पाहिलं की त्या बेटाने खजील व्हावं. मग पर्स उघडली, पेन काढलं आणि म्हणाल्या, "वेंडेल, नोव्हेंबरमध्ये सणाच्या जेवणाला ती त्या लोकांना घेऊन येईल. येईलच. डॉमिनोज शिकायला किती दिवस लागतात?"

आता दर गुरुवारी साडेतीनला त्या माझ्या व्हरांड्यात येतात. चौघांनी खेळायचा खेळ आहे, म्हणून नदीन आणि लव्हिनियाही असतात. लव्हिनिया बरी खेळते. विहीणबाई सोंगट्या बाहीत लपवतात, आणि मी ते पाहूनही काही बोलत नाही, कारण नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं एका बाजूला बसणार आहोत.